लाकूडफाट्यापासून द्रव इंधन : हिशेब आणि विवेक

पावसाळ्यापूर्वी भिवंडी तालुक्यातून जाणाऱ्यास दोन प्रकारचा धूर दिसतो. एक सायझिंग कारखान्यांच्या धुराड्यांतून निघतो; यंत्रमागाच्या ताण्यास खळ लावून तो वाळविण्यासाठी तेथे वाफ लागते. दुसरा भातखाचरांतून उठतो. रोपांसाठी शेतकरी कवळ व पालापाचोळा पसरून राब भाजतात. एके ठिकाणी इंधन विकत घ्यावे लागते, तर दुसरीकडे जळाऊ पदार्थ शेतातच भस्म होतो. अशा पदार्थापासून तेल काढता येईल काय, हा प्रश्न त्यामुळे साहजिकच पुढे येतो. ते काढता येते. परंतु त्यामागील हिशेब आधी समजून घेणे अगत्याचे आहे.

क्रिया कशी घडते?

लाकूड मोकळ्या हवेत तापविले तर पेटते. हवा कोंडून तापविल्यास मात्र त्याचे विघटन होते आणि कोळसा, वायू व बाष्प निर्माण होतात. बाष्प थंड केले की तपकिरी, उग्र वासाचा द्रव मिळतो. या क्रियेस पायरोलिसिस म्हणतात. ठाणे व रायगड जिल्ह्यांतील कातकरी कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या ज्या कोळशाच्या भट्ट्या लावीत आली, त्यांतही हीच क्रिया घडते. तेथे लोणारी कोळसा हाती येतो. द्रव व वायू धुरावाटे निघून जातात आणि भट्टीवर राबणाऱ्यांच्या छातीत भरतात. तत्कालीन म्हैसूर संस्थानातील भद्रावती येथे १९२३ मध्ये उत्पादन सुरू झालेल्या लोखंडाच्या कारखान्यात लाकडाचा कोळसा करताना मिथिल अल्कोहोल व डांबर हे जोडपदार्थही मिळविले जात.

सावकाश तापविल्यास कोळसा अधिक मिळतो. द्रव अधिक हवा असल्यास वाळवून बारीक केलेला भुसा सुमारे ५०० अंश सेल्सियसला झटपट तापवावा लागतो व बाष्प दोनएक सेकंदांतच थंड करावे लागते. अशा रीतीने वजनाच्या ६० ते ७५ टक्के द्रव मिळू शकतो. उरलेला कोळसा व वायू भट्टी तापविण्याच्या कामी येतात.

तेल, पण डिझेल नव्हे

या द्रवात १५ ते ३० टक्के पाणी असते. तो आम्लधर्मी असल्याने साधे लोखंड गंजवितो, साठविल्यास घट्ट होत जातो आणि डिझेलमध्ये मिसळत नाही. एका किलोपासून सुमारे ४,००० किलोकॅलरी उष्णता मिळते. डिझेलपासून १०,००० हून अधिक मिळते. म्हणजे १०० किलो कोरड्या भुशापासून ६५ किलो द्रव मिळाला, तरी त्यातील उष्णता सुमारे ३० लिटर डिझेलइतकीच भरते. शिवाय वाळविणे व दळणे यांचा खर्च वेगळाच.

बॉयलरला हवी असते ती वाफ. त्यासाठी भाताचा तूस किंवा दाबून केलेल्या विटा सरळ जाळता येत असतील, तर तेल काढण्याचा खटाटोप परवडेलच असे नाही. इंधन दूर न्यावयाचे असेल, किंवा द्रवावाचून भागतच नसेल, तेथे या पद्धतीचा विचार योग्य ठरतो. पुण्याच्या ‘आरती’ या संस्थेने उसाच्या पाचटापासून कोळसा करण्याची सुटसुटीत भट्टी तयार केली व तिला २००२ मध्ये ॲश्डेन पुरस्कार मिळाला. तेथे उद्दिष्ट कोळशाचे होते, म्हणून साधने साधी ठेवता आली. गरज आधी ठरवावी व यंत्र मागाहून निवडावे, हा त्यातील धडा होय.

ग्रामपंचायतीने काय पाहावे?

‘टाकाऊ’ म्हटलेला पदार्थ खेड्यात क्वचितच टाकाऊ असतो. पेंढा गुरांना लागतो, तूस वीटभट्टीला, काटक्या चुलीला. राबाच्या भाजणीने तणाचे बी मरते. कारखाना आला की या सर्वांना भाव येतो आणि मोळी वेचून चूल पेटविणाऱ्या भूमिहीन कुटुंबास पहिली झळ लागते.

म्हणून असा प्रस्ताव आल्यास ग्रामसभेत तीन प्रश्न अवश्य विचारावेत. सध्याच्या गरजा भागवून वर्षाकाठी खरोखर किती माल उरतो? तो संपल्यावर भट्टी कशावर चालेल, उभ्या झाडांवर तर नव्हे? आणि आम्लयुक्त पाणी व डांबर यांची विल्हेवाट कोठे लावणार? लाकडाच्या नावाने परवानगी घेऊन टायर जाळले जाणार नाहीत, याचीही खात्री करून घ्यावी. टायरपासून तेल काढण्याची क्रिया जातीने हीच असली, तरी तिचे प्रदूषण निराळे आहे.

या प्रश्नांची उत्तरे आकड्यांत मिळाली, तरच भट्टीला जागा द्यावी. ती न मिळाल्यास नकार देणे हेही विकासाचेच काम होय.