विषाणूंपुढे पेनिसिलिन चालत नाही
कावीळ, कांजिण्या आणि आपली जबाबदारी

पिंपरीचे नाव देशभर पोहोचले ते पेनिसिलिनमुळे. १९५४ साली येथे हिंदुस्थान अँटिबायोटिक्स या सरकारी कारखान्याची स्थापना झाली आणि जिवाणूंमुळे होणाऱ्या अनेक रोगांवरील औषध देशातच तयार होऊ लागले. तथापि, रोगांचा एक मोठा वर्ग या औषधाला दाद देत नाही. पेनिसिलिन जिवाणूची पेशीभित्तिका बांधली जाऊ देत नाही. विषाणूला अशी भित्तिकाच नसते. तो मानवी पेशीत शिरतो आणि तिच्याकडूनच आपली संख्या वाढवून घेतो. म्हणून विषाणुजन्य रोगांत प्रतिबंधालाच अग्रक्रम द्यावा लागतो.

त्वचेचे विकार

देवीचा भारतातील शेवटचा रुग्ण १९७५ साली आढळला. लसीकरणाने मिळविलेला हा विजय होय. कांजिण्या मात्र अद्याप आहेत. पुरळ उठण्याच्या एकदोन दिवस आधीपासून सर्व फोडांवर खपली धरेपर्यंत त्या दुसऱ्यास लागतात. तोवर मुलास शाळेत पाठवू नये. प्रौढांना व गर्भवतींना हा रोग अधिक त्रासदायक ठरतो. चाकण परिसरात एका खोलीत अनेक कामगार राहतात, तेथे हे ध्यानात ठेवावे.

कांजिण्यांचा विषाणू बरे झाल्यावरही मज्जातंतूंच्या मुळाशी सुप्त राहतो व पुढे कित्येक वर्षांनी नागीण म्हणून प्रकटतो. नागिणीची दोन टोके जुळली की माणूस दगावतो, हा समज निराधार आहे. मात्र पुरळ दिसल्यापासून तीन दिवसांच्या आत औषध सुरू करणे हिताचे असते. डोळ्याजवळ नागीण उठल्यास मुळीच विलंब करू नये.

यकृताचे विकार

कावीळ हे यकृताच्या विकाराचे लक्षण आहे. यकृतदाहाचे ए व ई हे विषाणू मुख्यत्वे दूषित पाणी व अन्न यांतून पसरतात. बी व सी हे रक्तातून, दूषित सुयांतून आणि मातेकडून अर्भकास जातात. बी लैंगिक संबंधातूनही पसरतो.

१९५५-५६ च्या हिवाळ्यात दिल्लीत कावीळीची मोठी साथ आली. यमुनेतून पाणी उचलण्याच्या जागी नाल्याचे सांडपाणी मिसळले होते. सुमारे २९,००० लोकांना कावीळ झाली. ती ई विषाणूची साथ होती, हे जपून ठेवलेल्या रक्तजलाच्या तपासणीतून पुढे उघड झाले. या विषाणूच्या अभ्यासात पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेचा मोठा वाटा आहे.

ई विषाणू शरीरात शिरल्यापासून कावीळ दिसेपर्यंत दोन ते दहा आठवडे जातात. म्हणजे आज रुग्ण आढळला, तर पाणी दूषित झाले ते बहुधा महिनाभरापूर्वी. त्या काळात जलवाहिनी कोठे फुटली, कोणती नवी जोडणी गटाराजवळून गेली, याची नोंद पाहावी. गरोदरपणाच्या अखेरच्या तीन महिन्यांत हा रोग जिवावर बेततो; अशा स्त्रीस कावीळ होताच रुग्णालयात न्यावे. गळ्यात माळ घालण्यात किंवा नाकात रस सोडण्यात मोलाचा वेळ दवडू नये.

पंचायतीने काय करावे

जलसुरक्षकाने टीसीएल पावडर कोरड्या जागी, घट्ट बंद करून ठेवावी; उघडी राहिल्यास तिच्यातील क्लोरिन उडून जातो. केवळ टाकीपाशी तपासून भागत नाही. शेवटच्या घरच्या नळालाही ओ.टी. चाचणीत लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम क्लोरिन आढळला पाहिजे. टँकर, कामगारांच्या चाळी व उपाहारगृहांच्या टाक्या यांची हीच तपासणी व्हावी. साथीत पाणी उकळून प्यावे.

बी विषाणूवर लस आहे. पहिली मात्रा जन्मल्यापासून चोवीस तासांत, पुढील मात्रा सहा, दहा व चौदा आठवड्यांनी द्यावयाच्या असतात. सी यकृतदाह गोळ्यांनी बरा होऊ शकतो. २०१८ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय कार्यक्रमात तपासणी व औषधे मोफत आहेत.

साथ रुग्णालयात दिसते, पण बहुतेक वेळा ती सुरू होते नळाच्या तोंडाशी. तेथील पहारा शिक्षक, सरपंच आणि ग्रामसेवक यांच्याच हाती आहे.