दंडाचे मोल

प्रस्तावना

चार माणसे मिळून एखादे काम करू लागली की त्यांतला एखादा हात आखडता घेतो आणि फळ वाटून घेण्याच्या वेळी मात्र पुढे सरसावतो. ‘आयत्या बिळावर नागोबा’ ही म्हण अशाच माणसासाठी वापरली जाते. अशांना दंड केला की सहकार्य टिकते, अशी सर्वसाधारण समजूत आहे. माणसाच्या प्रत्यक्ष वागणुकीचा अभ्यास करणाऱ्या अर्थशास्त्राच्या शाखेने ही समजूत प्रयोगांच्या कसोटीवर घासून पाहिली. त्यांपैकी काही प्रयोगांची ओळख या पाठातून होईल.

मूळ पाठ

जुन्या अर्थशास्त्रीय विचारात मनुष्य हा मुख्यतः स्वतःचा लाभ पाहणारा मानला जाई. 1982 साली जर्मनीत वर्नर ग्युट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मांडलेल्या एका साध्या खेळाने या गृहीताला धक्का दिला. दोघांपैकी एकाने ठरावीक रकमेची वाटणी सुचवायची; दुसऱ्याने ती स्वीकारायची किंवा नाकारायची. नाकारल्यास दोघांचेही हात रिकामे. निव्वळ हिशेब पाहिला तर मिळेल तो पैसा पदरात पाडून घेणे शहाणपणाचे. परंतु अनेक देशांत हा खेळ पुन्हा पुन्हा खेळला गेला, तेव्हा अगदी तुटपुंजा वाटा देऊ केल्यास तो झिडकारणारे लोक वारंवार आढळले. अन्याय्य वाटणी मान्य करण्यापेक्षा नुकसान सोसणे त्यांनी पसंत केले.

मग हीच न्यायबुद्धी समूहात काय करते? याचा शोध स्वित्झर्लंडमधील झुरिच येथे अर्न्स्ट फेर व सायमन गेख्टर यांनी घेतला. 2002 साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या प्रयोगात 240 विद्यार्थी सहभागी झाले होते. चौघांचा एक गट. प्रत्येकाजवळ 20 गुण, ज्यांचे शेवटी रोख पैसे मिळणार. त्यांतले हवे तेवढे गुण सामाईक निधीत घालायचे. निधीत पडलेल्या प्रत्येक गुणामागे चौघांनाही 0.4 गुण मिळत. चौघांनी सर्व गुण घातले तर प्रत्येकाला 32 मिळतात. पण तिघांनी सर्व घातले आणि चौथ्याने काहीच घातले नाही, तर तिघांना 24 आणि त्या चौथ्याला 44! आयतोबाचा लाभ हा असा उघड आहे. त्यामुळे दंडाची सोय नसताना फेरीगणिक लोकांचा हात आखडत गेला आणि निधी आटू लागला.

दंडाची मुभा दिल्यावर चित्र पालटले. दुसऱ्याचे 3 गुण कापायचे असतील तर स्वतःचा 1 गुण खर्चावा लागे. शिवाय दर फेरीला गट बदलत असल्याने आजचा सोबती पुन्हा भेटणार नव्हता; म्हणजे त्याला सुधारण्याचा लाभ दंड करणाऱ्याला मिळण्याची शक्यताच नव्हती. तरीही 84 टक्क्यांहून अधिक जणांनी निदान एकदा तरी पदरमोड करून दंड केला. आणि निधीतील भर वाढत गेली. आयतोबांविषयी आपल्याला संताप वाटतो, हे सहभागींच्या उत्तरांतूनही दिसले. ज्या रागाला आपण एरवी दुर्गुण मानतो, तो येथे सर्वांच्या उपयोगी पडला, ही गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे.

मात्र एवढ्यावरून दंड सर्वत्र गुणकारी ठरतो असे मानणे घाईचे होईल. इस्रायलमधील हायफा शहरातील 10 पाळणाघरांत 1998 साली उरी ग्नीझी आणि आल्डो रुस्तिचिनी यांनी एक प्रयोग केला. मुलांना नेण्याची वेळ दुपारी चारची. काही पालक उशिरा येत व शिक्षिकेला खोळंबून राहावे लागे. 10 पैकी 6 पाळणाघरांत दहा मिनिटांहून अधिक उशीर झाल्यास मुलामागे 10 शेकेल दंड आकारला जाऊ लागला. उशीर कमी व्हावा, ही अपेक्षा. घडले उलटेच! उशिरा येणाऱ्यांची संख्या वाढत जाऊन जवळजवळ दुप्पट झाली.

असे का व्हावे? पूर्वी शिक्षिकेचे थांबणे हा तिचा चांगुलपणा होता आणि त्याचा गैरफायदा घेण्याची पालकांना लाज वाटे. दंड येताच त्या थांबण्याला भाव आला. पैसे मोजले की हिशेब चुकता, असा अर्थ पालकांनी घेतला असावा, असे संशोधकांनी सुचविले. दंड जबर असता तर कदाचित उशीर घटलाही असता. पण त्याहून बोलका भाग पुढे आहे. सतराव्या आठवड्यात दंड रद्द केला, तरी उशीर पूर्वीच्या पातळीवर उतरला नाही. गेलेली लाज परत आली नाही.

दंडाचे आणखी एक विपरीत रूप 2008 साली प्रसिद्ध झालेल्या, जगातील 16 ठिकाणी केलेल्या प्रयोगांत आढळले. अथेन्स, मस्कत यांसारख्या काही ठिकाणी निधीत भरपूर घालणाऱ्यांनाच इतरांनी दंड केला. जेथे असे घडले, तेथे सहकार्य वाढले नाही.

हे सारे प्रयोगशाळेतले आणि पाळणाघरातले झाले. पण जेथे दंडाची व्यवस्था शतकानुशतके टिकून आहे, अशी ठिकाणेही आहेत. एलिनोर ऑस्ट्रम यांनी सामाईक पाणी, कुरणे व जंगले सांभाळणाऱ्या समाजांचा आयुष्यभर अभ्यास केला. 2009 साली त्यांना अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले; ते मिळविणाऱ्या त्या पहिल्या महिला. दीर्घकाळ टिकलेल्या व्यवस्थांत पहिल्या चुकीला दंड हलका असतो आणि चूक वारंवार झाली तर तो वाढत जातो, असे त्यांना दिसले. स्पेनमधील व्हॅलेन्सिया येथील पाटपाण्याची व्यवस्था त्यांच्या अभ्यासात होती. तेथे दर गुरुवारी दुपारी मुख्य चर्चच्या दारापाशी पाण्याचे न्यायालय भरते. न्यायाधीश म्हणजे शेतकऱ्यांनीच निवडलेले, पाटापाटांचे प्रतिनिधी. वकील नसतात, सारे कामकाज तोंडी आणि लोकांसमक्ष चालते. ज्याच्यावर तक्रार असेल, त्याच्या पाटाचा प्रतिनिधी त्या निवाड्यात भाग घेत नाही.

पाठगत प्रश्न

1. झुरिचमधील प्रयोगात दंड करणाऱ्याला कोणता तोटा सोसावा लागे? तरीही त्याने दंड का केला असावा?

2. हायफातील पालक आणि व्हॅलेन्सियातील शेतकरी या दोघांच्या दृष्टीने ‘दंड’ या शब्दाचा अर्थ कसा वेगळा होतो, ते आपल्या शब्दांत लिहा.