जुन्या पिकअप गाडीचा हीटर मंद कां पडतो?

हीटर ही वस्तु महाराष्ट्रांतील शेतकऱ्यास चैनीची वाटते, आणि वर्षांतील दहा महिने ती तशी आहेही. परंतु निफाडकडील कडाक्याची थंडी ज्यांनीं अनुभवली आहे व जे पौष-माघांत रात्रीं भाजीपाला भरून कसारा घाट उतरतात, त्यांस तिची गरज सांगावयास नको. हात गारठणें एक वेळ सोसवेल. पण समोरच्या कांचेवर आंतून वाफ धरली म्हणजे वळणच दिसत नाहीं. शिवाय हीटर मंद पडणें ही पुष्कळदां इंजिनाच्या दुखण्याची पहिली वर्दी असते. हें आमच्या ध्यानांत उशिरां आलें, म्हणून हा विषय येथें घेत आहों.

हीटरास स्वतःचा विस्तव नसतो. इंजिन निववण्यासाठीं जें कूलंटमिश्रित पाणी त्यांत खेळतें, त्याचाच एक फांटा रबरी नळीनें डॅशबोर्डाआडच्या लहानशा जाळींत येतो व दुसऱ्या नळीनें परत जातो. पंखा त्या जाळीवरून वारा घालतो. यंत्र एवढेंच. तेव्हां एक तर पाणी पुरेसें तापत नाहीं, किंवा तापलेलें पाणी जाळींत फिरत नाहीं, किंवा जाळीची ऊब आपणांपर्यंत पोंचत नाहीं.

प्रथम सकाळीं, इंजिन पूर्ण थंड असतां, रेडिएटरचें झाकण उघडून पातळी पाहावी. तापलेल्या इंजिनाचें झाकण कदापि उघडूं नये. आंतील पाणी दाबाखालीं असतें व उसळून तोंड भाजतें. पातळी उतरली कीं हीटर लवकर थंड पडतो, परंतु नुसती भर घालून स्वस्थ बसूं नये. पाणी गेलें कोठें, याचा तपास करावा. पायाखालची चटई ओली, गोडसर वास आणि कांचेवर तेलकट थर, अशीं लक्षणें असतील तर हीटरची जाळीच गळत आहे. बाहेर कोठेंच गळती नाहीं, पण इंजिन चालू असतां रेडिएटरांत सारखे बुडबुडे येतात व मागील नळींतून पांढरी वाफ थांबत नाहीं, तर हेड गॅस्केट गेल्याचा संशय धरून गाडी उभी करावी. तशीच पिटाळली तर हेड वांकडें होतें, आणि मग हीटरची गोष्ट कोणी काढीत नाहीं.

आमच्या गाडीची हकीकत निराळी होती. पातळी ठीक, तरी वारा कोमट. आम्हीं आधीं पंख्याची मोटार बदलली. तो खर्च फुकट गेला. उष्णतेचा कांटा नेहमीं तळाशींच राहतो, हें रोज डोळ्यांसमोर असून पाहिलें नव्हतें. महसुली दप्तरांत जन्म घालविलेल्या माणसानें नोंद न वाचतां निकाल द्यावा, ही शरमेचीच गोष्ट! पुढें कळलें कीं, एका उन्हाळ्यांत गाडी तापते म्हणून एका मिस्त्रीनें थर्मोस्टॅटच काढून टाकला होता. हा उपाय आपल्याकडे सर्रास होतो, आणि तो वाईट आहे. इंजिन तापेपर्यंत रेडिएटरकडील वाट बंद ठेवणें हें थर्मोस्टॅटचें काम. तो नसला किंवा उघडाच अडकला तर इंजिन थंडच धांवतें, डिझेल अधिक जळतें व झीज वाढते. गाडी तापत असेल तर त्याचें कारण तुंबलेल्या रेडिएटरांत, सैल पट्ट्यांत किंवा पाण्याच्या पंपांत शोधावें.

परीक्षा सोपी आहे. थंड इंजिन सुरू करून रेडिएटरच्या वरच्या नळीस हात लावावा. उपरण्याचें टोंक मात्र फिरत्या पंख्यापासून दूर ठेवावें. नळी कांहीं मिनिटें थंड राहून मग एकाएकीं तापली तर थर्मोस्टॅट ठीक. आरंभापासूनच हळूहळू कोमट होऊं लागली तर तो बिघडला. त्यावर उघडण्याचे अंश कोरलेले असतात, बहुधा ८२ ते ८८. त्याच अंशांचा नवा घालावा.

इंजिन तापल्यावर हीटरच्या दोन्ही नळ्या जपून चांचपाव्या. एक कढत व दुसरी थंड असेल तर वाटेंतील कॉक बंद आहे किंवा जाळी तुंबली आहे. आधीं कॉकाची तार पाहावी. जाळी तुंबण्यास आपलें बोअरचें पाणी पुष्कळदां कारण असतें. त्यांतील क्षार आंत धरतात. इंजिन निवल्यावर दोन्ही नळ्या सोडून, परतीच्या तोंडानें, मंद धारेनें स्वच्छ पाणी येईतों धुवावें. शेतांतील पंपाचा जोर लावूं नये. जुनी जाळी फुटते. नंतर कूलंट व शुद्ध केलेलें पाणी सारखें मिसळून, गाडीचें तोंड चढावर ठेवून, हीटर पूर्ण उघडून सावकाश भरावें, म्हणजे अडकलेली हवा निघते. काढलेलें कूलंट उघड्यावर ठेवूं नये. तें चवीस गोड पण विषारी असतें. गुरें-कुत्रीं पितात व मरतात.

दोन्ही नळ्या कढत असून वारा थंड, तर दोष आंतील झडपेच्या तारेंत किंवा वाऱ्याच्या वाटेंत. आमच्या शेजाऱ्यांच्या गाडींत तेथें उंदरांनीं कांद्याच्या पातीचें घरटें केलेलें निघालें. कांच धुरकटत असेल तर बाहेरची हवा घेण्याची खिटी उघडी ठेवावी.

हीटर नीट झाला तरी बाजारांत पाळीची वाट पाहतांना, इंजिन चालू ठेवून बंद केबिनींत झोंपूं नये. धुराची नळी कोठें फुटलेली असेल तर तो विषारी वायु आंत भरतो, आणि त्यास वास नसल्यानें निजलेल्यास कळतही नाहीं.