इंग्रजी वाक्य आणि उसाची ट्रॉली



माझ्या वडिलांना इंग्रजी पाचवीपासून होते. आपल्याला ते पहिलीपासून आहे, कारण २००० सालापासून महाराष्ट्रातल्या शाळांत पहिलीपासूनच इंग्रजी सुरू झाले. त्यामुळे चौथीत येईपर्यंत आपले शब्द पुष्कळ पाठ झाले आहेत. पण शब्द पाठ असले म्हणजे वाक्य कळतेच असे नाही. हे मला कसे समजले ते पुढे सांगते. आधी वाक्य कसे बनते ते पाहू.

बैल गवत खातो. इंग्रजीत हेच ‘द ऑक्स ईट्स ग्रास’ असे होते. म्हणजे आपले क्रियापद शेवटी बसते आणि त्यांचे मध्ये. आपण ‘गवत बैल खातो’ असे म्हटले तरी कोणी चुकत नाही. इंग्रजीत मात्र ‘ग्रास ईट्स द ऑक्स’ म्हटले, तर गवतानेच बैल खाल्ला असे होते! हे वाक्य मी फळ्यावर लिहिले तेव्हा सगळा वर्ग हसला होता. इंग्रजीत कर्ता कोण हे जागेवरून ठरते, म्हणून जागा बदलायची नाही.

आता शब्दांचा गट पाहा. आपण ‘झाडाखाली’ म्हणतो, ते ‘अंडर द ट्री’ म्हणतात. आपले ‘खाली’ झाडाच्या मागून येते, त्यांचे पुढून. गट मोठा असला की आणखी गंमत होते. ‘मारुतीच्या देवळामागच्या विहिरीत’ याचे इंग्रजी ‘इन द वेल बिहाइंड द टेंपल ऑफ मारुती’. आपण मारुतीपासून निघतो आणि विहिरीत पोचतो. ते विहिरीतून निघतात आणि मारुतीपाशी थांबतात. गुरुजी म्हणाले, असा गट वाचायचा तर शेवटाकडून वाचून बघा. मी वाचून पाहिले, जमते. अशा गटात क्रियापद नसते, म्हणून तो नुसता शब्दसमूह, वाक्य नव्हे.

आता उपवाक्य. हे मला लवकर कळेना. मग गुरुजींनी खिडकीतून रस्ता दाखवला. कारखान्याला ऊस घेऊन ट्रॅक्टर चालला होता, मागे दोन ट्रॉल्या. गुरुजी म्हणाले, “ट्रॅक्टरला इंजिन आहे, तो एकटा जातो. ते मुख्य वाक्य. ट्रॉलीला चाके आहेत, पण इंजिन नाही. ती एकटी जाईल का? ते गौण वाक्य. आणि उसाच्या मोळीला चाकेही नाहीत. तो शब्दसमूह.” चाके म्हणजे क्रियापद, हे मी माझ्या मनाने धरले.

‘व्हेन द बेल रिंग्ज’ म्हणजे ‘जेव्हा घंटा होते’. यात क्रियापद आहे, पण ऐकणारा वाट बघत राहतो, की मग काय? ही ट्रॉली झाली. ‘वी रन होम’ जोडले की गाडी चालू लागते. मी मध्ये ‘देन’ घातला होता, कारण आपल्याकडे जेव्हा आला की तेव्हा येतो, जर आला की तर येतो, जो आला की तो येतो. ज्ञानेश्वरीतही जैसे आणि तैसे यांची जोडी पुष्कळदा येते. ती ज्ञानेश्वरी आपल्याच जिल्ह्यात नेवाशाला १२९० साली सांगितली गेली. म्हणजे ही जोडीची सवय आपल्याला फार जुनी आहे. इंग्रजीला जोडीतला एकच शब्द पुरतो. गुरुजींनी माझ्या देनवर लाल काट मारली.

‘हू’ या शब्दानेही मला फसवले. ‘द मॅन हू सोल्ड द ऑक्स इज माय अंकल.’ मी वाचले, ‘माणूस कोण बैल विकला माझा मामा आहे.’ काही अर्थ लागेना. इथे हू म्हणजे कोण नव्हे, इथे तो ‘ज्याने’ आहे. ज्या माणसाने बैल विकला तो माझा मामा आहे. यावर एक युक्ती आहे. हूपासून ऑक्सपर्यंत बोटाने झाका. ‘द मॅन इज माय अंकल’ उरले, ते एकटे चालते. तोच ट्रॅक्टर.

एक गोष्ट मात्र ट्रॅक्टरसारखी नाही. खरी ट्रॉली मागेच लागते, इंग्रजीतली पुढेही लागते. पुढे लागली तर तिच्यानंतर स्वल्पविराम द्यायचा. (आपल्या मोडीत शब्दसुद्धा सलग लिहीत. मराठीत विरामचिन्हे इंग्रजीवरून आली. मेजर कँडी यांनी त्यावर १८५० साली पुस्तक काढले. मराठीचे व्याकरण दादोबा पांडुरंगांनी त्याआधीच, १८३६ साली छापले होते.)

आता माझी चूक सांगते. माझ्या आजीचे गुडघे दुखतात. मामांनी पुण्याहून गोळ्यांची बाटली आणली, तिच्यावर इंग्रजी कागद चिकटवला होता. आजी म्हणाली, “तू इंग्रजी शिकतीस ना, वाच बरं.” मी मोठ्याने वाचले, ‘टेक वन टॅबलेट आफ्टर फूड, मॉर्निंग अँड नाइट.’ आणि ऐटीत सांगितले, जेवल्यावर एक गोळी, सकाळी आणि रात्री. या वाक्यात कर्ता दिसत नाही, कारण ती आज्ञा आहे, ‘तुम्ही’ लपलेला असतो. एवढेसुद्धा मी आजीला समजावून सांगितले!

आजीने पाच दिवस रोज दोन गोळ्या घेतल्या. गुडघा दुखत नव्हता तरी घेतल्या, कारण मी सांगितले होते. सहाव्या दिवशी तिच्या पोटात आग पडायला लागली, भाकरी जाईना. वडिलांनी तिला दवाखान्यात नेले, बाटली बरोबर होती. डॉक्टरांनी बाटली फिरवली. कागदाची दुसरी ओळ पलीकडच्या बाजूला गेली होती. ‘ओन्ली इफ देअर इज पेन.’ दुखत असेल तरच.

घरी आल्यावर मी माळ्यावर जाऊन बसले. आजीनेच हाक मारून खाली बोलावले. ती रागावली नाही, पण दोन दिवस नुसती ताक-भात खात होती, ते मला बघवेना.

मराठीत कोणी लिहिले असते तर ‘दुखत असेल तरच’ हे आधी आले असते, गोळी नंतर. इंग्रजीत गोळी आधी आली आणि अट मागच्या ट्रॉलीत राहिली. मी ट्रॅक्टर बघितला आणि फाटक लावून घेतले.

आता आजीला बरे वाटते. घरात खताच्या गोणीवरचे किंवा औषधावरचे काही वाचले, की ती विचारते, “मागची ट्रॉली आली का गं?”

तुमच्यासाठी एक वाक्य देते. ‘द हेन दॅट माय मदर बॉट इन द मार्केट रॅन अवे व्हेन द डॉग बार्क्ड.’ यात ट्रॅक्टर कोणता, ट्रॉल्या किती आणि मोळी कोणती? मधल्या सुट्टीत मला सांगा. पालकांनी सांगितले तरी चालेल.