सबवूफरचीं वेटोळीं व ॲम्प्लिफायरचा भार

मोटारगाडीच्या मागच्या भागांत सबवूफर, म्हणजे अगदीं खालच्या पट्टींतील स्वर काढणारा मोठा ध्वनिक्षेपक, बसवून घेण्याची हौस हल्लीं पुष्कळ तरुणांस असते. तो विकत घेणें सोपें. परंतु तारा कशा जोडाव्या हा प्रश्न येतांच गोंधळ उडतो, आणि चुकीच्या जोडणीनें वडिलांच्या कष्टाच्या पैशांचा ॲम्प्लिफायर थोड्या वेळांत निकामी होऊं शकतो. वास्तविक हा प्रश्न विद्यार्थ्यांस ठाऊक असलेल्या एका लहानशा नियमानें सुटणारा आहे.

हा नियम जॉर्ज सायमन ओहम यानें १८२७ सालीं प्रसिद्ध केला. त्यापूर्वीं कित्येक वर्षें तो कोलोन येथें शाळाशिक्षक होता. विद्युद्दाब कायम असतां मार्गांतील विरोध जितका कमी, तितका प्रवाह अधिक, असें तो नियम सांगतो. समजा, ॲम्प्लिफायर २० व्होल्ट दाब देत आहे. ४ ओहमांच्या भारांतून ५ अँपिअर प्रवाह जाईल व शक्ति १०० वॉट होईल. भार २ ओहम केल्यास १० अँपिअर व २०० वॉट. १ ओहम केल्यास २० अँपिअर व ४०० वॉट. तर मग भार होईल तितका कमी करावा, असें कोणासही वाटेल. परंतु हा सर्व प्रवाह ॲम्प्लिफायरच्या ट्रान्झिस्टरांतूनच जातो व त्यांस तापवितो. म्हणूनच कमींत कमी किती ओहमांचा भार चालेल, हें कारखानदार लिहून देतो. ती मर्यादा ओलांडली तर यंत्र आपोआप बंद पडतें किंवा जळतें.

ध्वनीचा प्रवाह सारखा दिशा बदलणारा असल्यामुळें येथें विरोधाऐवजीं ‘संरोध’ हा शब्द योजतात. माप मात्र ओहमांतच असतें. संरोध स्वरागणिक बदलतो. सबवूफरवर छापलेला आंकडा हिशोबाच्या सोयीसाठीं ठरविलेला असतो.

आतां वेटोळ्यांकडे वळूं. पुष्कळ सबवूफरांत एकाच नळीवर दोन स्वतंत्र वेटोळीं गुंडाळलेलीं असतात. त्यांमुळें आवाज दुप्पट होतो असें नव्हे. जोडणी निवडण्याची मुभा मिळते, इतकेंच. प्रत्येक वेटोळें ४ ओहमांचें असल्यास एकसर जोडणींत बेरीज होऊन ८ ओहम होतात. समांतर जोडणींत प्रवाहास दोन वाटा मिळतात, म्हणून ४ ला २ नें भागून २ ओहम उरतात.

असे दोन सबवूफर घेतले, तर चारही वेटोळीं समांतर जोडून १ ओहम, चारही एकसर जोडून १६ ओहम, आणि प्रत्येकांतील दोन वेटोळीं एकसर जोडून मग दोन्ही सबवूफर समांतर जोडल्यास ४ ओहम भार होतो. सर्व वेटोळ्यांस सारखी शक्ति द्यावयाची असल्यास २ ओहम कोणत्याही रीतीनें मिळत नाहींत. आपला ॲम्प्लिफायर २ ओहमांस उत्तम चालणारा असेल, तर ही जोडी त्यास योग्य नव्हे. म्हणून हा हिशोब दुकानांत जाण्यापूर्वींच करावा.

एका ठिकाणीं जाणतेही फसतात. दोन वाहिन्यांचा ॲम्प्लिफायर ‘ब्रिज’ करून, म्हणजे दोन्ही वाहिन्या एकत्र करून, एकच भार चालविला, तर प्रत्येक वाहिनीस त्या भाराचा निम्मा संरोध जाणवतो. प्रत्येक वाहिनीची मर्यादा २ ओहम असल्यास ब्रिज केल्यावर ४ ओहमांहून कमी भार लावूं नये.

जोडतांना धन व ऋण टोंकें नीट पाहावीं. समांतर जोडणींत धनास धन व ऋणास ऋण; एकसर जोडणींत पहिल्याचें ऋण टोंक दुसऱ्याच्या धन टोंकास. एक वेटोळें उलटें लागल्यास एक शंकूस पुढें ढकलतें, तर दुसरें मागें ओढतें. आवाज जवळजवळ बंद होतो, पण प्रवाह वाहतच राहून वेटोळीं तापतात. अशा वेळीं आवाज वाढवीत जाणें फार घातक आहे.

शेवटीं ॲम्प्लिफायरला तारा लावण्यापूर्वीं त्यांच्या दोन मोकळ्या टोंकांस मल्टिमीटर लावून पाहावा. हें यंत्र सरळ प्रवाहाचा विरोध मोजतें, म्हणून ४ ओहमांच्या ठिकाणीं साधारण साडेतीन दिसल्यास तो दोष नव्हे. परंतु आंकडा अपेक्षेच्या निम्मा किंवा चौथाई आला, तर जोडणी चुकली असें समजून सर्व तारा पुन्हा तपासाव्या.

अभ्यासासाठीं उदाहरण : तीन सबवूफर आहेत, प्रत्येकांत २ ओहमांचीं दोन वेटोळीं आहेत. प्रत्येकांतील वेटोळीं एकसर व तिन्ही सबवूफर समांतर जोडल्यास भार किती होईल? २ ओहमांची मर्यादा असलेला ॲम्प्लिफायर तो चालवूं शकेल काय? (उत्तर : सुमारें १.३३ ओहम, नाहीं.)