एवढं तर मी कमावलंच आहे!

प्रश्न: माझा मुलगा पुण्यात एका कंपनीत नोकरी करतो. जुना फोन धडधाकट असताना त्यानं सव्वा लाखाचा नवा घेतला, तोही हप्त्यांवर. विचारलं तर म्हणाला, ''बाबा, वर्षभर मरमर काम केलंय. एवढं तर मी डिझर्व्ह करतो.'' पैसे त्याचे आहेत, माझी तक्रार नाही. कुतूहल एवढंच की आमच्या वेळी 'परवडतं का' हा एकच प्रश्न असायचा. हा हक्क मध्येच कुठून आला?
– एक निवृत्त शिक्षक, सांगली

उत्तर: सर, या हक्काचा जन्म कुठे झाला ते सांगणं कठीण आहे. त्याला चारचौघांत बोलायला कुणी शिकवलं, ते मात्र सांगता येतं. साल १९७३, गाव न्यूयॉर्क. लॉरियल या फ्रेंच कंपनीला अमेरिकेत केस रंगवण्याचं उत्पादन विकायचं होतं. तिथे क्लेरॉल कंपनीचा जम आधीच बसलेला होता आणि लॉरियलचा रंग तिच्यापेक्षा महाग होता. जाहिरात लिहायचं काम मॅककॅन या संस्थेत इलॉन स्पेक्ट या तेविशीतल्या मुलीकडे आलं. पुरुषांना आवडावं म्हणून नटणारी बाई रंगवायला ती तयार नव्हती. तिनं चिडून लिहिलेल्या जाहिरातीत बाई स्वतःच सांगते की हा रंग महाग आहे आणि तरी मी तोच वापरते, कारण माझं मोल तेवढं आहे.

किंमत ही एरवी विक्रेत्याची अडचण. ती लपवायची, हप्त्यांत तोडायची, नाहीतर टिकाऊपणाचा दाखला देऊन गिऱ्हाइकाच्या गळी उतरवायची. इथे तीच पुढे केली गेली. त्याआधी दोन वर्षं, १९७१ मध्ये, मॅकडोनाल्ड्सनं 'आज तुम्हाला विसावा मिळायलाच हवा' अशा अर्थाची मोहीम काढली होती. बर्गर चवीला कसा आहे याबद्दल त्या ओळीत अवाक्षर नाही. गिऱ्हाइकाचा थकवाच दुकानात मांडला होता म्हणा ना.

अर्थात मनात आधीच काही असल्याशिवाय जाहिरात रुजत नाही. उझ्मा खान आणि रवी धर या संशोधकांनी २००६ मध्ये प्रसिद्ध केलेला एक प्रयोग मला फार आवडतो. काही जणांना सांगितलं, तुम्ही समाजसेवेचं काम पत्करलं आहे अशी कल्पना करा. मग त्यांच्यापुढे दोन वस्तू ठेवल्या, एक व्हॅक्यूम क्लीनर आणि एक नामांकित डिझायनरची जीन्स. किंमत सारखीच. ज्यांनी सेवेची कल्पना केली होती, त्यांच्यात जीन्स निवडणारे इतरांपेक्षा जास्त निघाले. सेवा केलेली नव्हती बरं का, नुसती कल्पिली होती! एकादशी अन् दुप्पट खाशी म्हणणाऱ्या आपल्या आज्यांना यात नवल वाटलं नसतं. त्याआधी २००२ मध्ये किव्हेट्झ आणि सायमन्सन या दोघांनी दाखवलं होतं की बक्षीस मिळवायला जितके जास्त कष्ट पडतात, तितके लोक उपयोगी वस्तूऐवजी चैनीच्या वस्तूकडे झुकतात. तुमच्या चिरंजीवांचं वाक्य या दोन निष्कर्षांच्या मधोमध बसतं. हे वाक्य तूरडाळ घेताना कुणी म्हणत नाही. ज्या खरेदीची मनाला थोडी टोचणी लागलेली असते, तिथेच ते आठवतं.

आता तुमच्या 'आमच्या वेळी'बद्दल. तेव्हा फक्त परवडण्याचाच प्रश्न होता, हे मला पटत नाही. परवानगी तेव्हाही लागायची, फक्त ती दुसरीकडून यायची. साडेतीन मुहूर्त होते. दसऱ्याला गुंजभर का होईना सोनं, पाडव्याला सायकल किंवा स्कूटर. घरातलं लग्न तर सगळ्या हिशेबांना सुट्टी देणारं कार्य, हौसेला मोल नाही म्हणत सावकाराकडे जाणारे काय कमी होते? फरक इतकाच की पंचांगातले मुहूर्त मोजके होते. थकवा दर शुक्रवारी येतो.

इलॉन स्पेक्टच्या वाक्याला मी सरसकट नावं मात्र ठेवणार नाही. ज्या बाईनं दिवाळीत सगळ्यांचे कपडे झाल्यावर उरलं तर स्वतःला साडी घेतली, तिनं कधीतरी 'हे माझ्यासाठी' म्हणावं, यात उधळपट्टी शोधणारा माणूस मला संशयास्पद वाटतो. तिला ते वाक्य कुणी बोलूच दिलं नव्हतं. अडचण अशी की तेच वाक्य आता ज्यांना कधीच कुणी अडवलं नाही, तेही वापरतात. चिरंजीवांच्या श्रमांचा निदान पगार होतो, म्हणून त्यांना हक्काचा हिशेब मांडता येतो. त्यांच्या आईचं स्वयंपाकघरातलं वर्ष कुठल्या किमतीच्या फोनला पुरलं असतं, हे तुमच्या घरात कुणी विचारलं का? माझ्या घरात तरी नाही.

शिवाय कष्टांनीच हक्क मिळत असता तर सर्वांत महागडे फोन ऊसतोड कामगारांच्या हातात दिसले असते. बीडकडची जोडपी हंगामाआधी मुकादमाकडून उचल घेतात आणि पुढचे कित्येक महिने फडात राबून ती फेडतात. तिला कुणी बक्षीस म्हणत नाही. हप्त्यांवरचा फोन हीसुद्धा उचलच आहे. (कामगाराची उचल पोटासाठी असते आणि तिला त्याच्याजवळ पर्याय नसतो, हा फरक लहान नाही.) गेल्या वर्षाच्या मेहनतीचा मोबदला तर पगारातून केव्हाच मिळाला आणि खर्चही झाला. फोनचे पैसे जायचे आहेत ते अजून न केलेल्या कामातून. म्हणजे 'मी मरमर काम केलंय' यापेक्षा 'मी अजून वर्षभर मरमर काम करणार आहे' हे सत्याच्या जास्त जवळ. ते दुकानात उभं राहून म्हणून बघा, उत्साह जरा ओसरतो. रोख घेतला असता तर मी एवढं खोलात गेलोही नसतो.

हप्ते 'नो कॉस्ट' असतील तर एक गोष्ट बघायला हरकत नाही. शून्य टक्के व्याज अशी काही गोष्टच नसते, असं रिझर्व्ह बँकेनं सप्टेंबर २०१३ मध्येच बँकांना सुनावलं होतं. त्यानंतर आलेल्या 'नो कॉस्ट' योजनांत बँक व्याज लावतेच, तेवढीच सूट विक्रेता किमतीत देतो, म्हणून हिशेब बरोबरीत दिसतो. पण क्रेडिट कार्डावर त्या व्याजावरचा १८ टक्के जीएसटी गिऱ्हाइकालाच भरावा लागतो आणि बरेचदा प्रक्रिया शुल्कही पडतं. रक्कम फार मोठी नसते. चिरंजीव पुढच्या वेळी सांगलीला आले की त्यांना कार्डाचं स्टेटमेंट त्या नव्या फोनवरच उघडायला सांगा. व्याज आणि जीएसटी, दोन्हींच्या ओळी तिथे वेगवेगळ्या दिसतील.