विक्रमाच्या वस्तू आणि त्यांचे मोल

एखाद्या खेळाडूने विक्रम केला की त्या विक्रमाशी जोडलेल्या वस्तूंना मोल येते. ती बॅट, तो चेंडू, ती टोपी, त्या दिवसाचे तिकीट. अशा वस्तूंना मराठीत सोयीचे नाव नाही. ‘स्मृतिचिन्ह’ म्हटले की शाल-श्रीफळाबरोबर मिळणारी पितळी ढाल डोळ्यांसमोर येते. म्हणून या प्रकरणात ‘स्मृतिवस्तू’ हा शब्द योजला आहे. ‘घडलेल्या प्रसंगात प्रत्यक्ष हजर असलेली वस्तू’ एवढाच त्याचा अर्थ वाचकाने घ्यावा. समारंभात दिलेली ढाल प्रसंगानंतर जन्मते; स्मृतिवस्तू मात्र त्या प्रसंगाची साक्षीदार असते. संग्राहकाचा सारा व्यवहार या साक्षीच्या खरेखोटेपणावर उभा आहे.

या छंदाचा मोठा बाजार अमेरिकेत आहे, आणि तो मुख्यतः बेसबॉलच्या आधारे वाढला. त्याचे कारण खेळाच्या एका रीतीत सापडते. बेसबॉलमध्ये फटकावलेला चेंडू प्रेक्षकांत जाऊन पडला की तो ज्याच्या हाती लागेल त्याचा होतो. क्रिकेटमध्ये षटकार सज्जात गेला तरी प्रेक्षकाने चेंडू परत फेकावयाचा असतो, कारण पुढचा खेळ त्याच चेंडूने व्हावयाचा असतो. या लहानशा भेदाचे परिणाम दूरवर गेले. तेथे विक्रमाचा चेंडू एका क्षणात सामान्य माणसाच्या मालकीचा होतो आणि बाजारात येतो. आपल्याकडे तो पंचांच्या खिशातून गोलंदाजाकडे किंवा मंडळाकडे जातो आणि बहुधा तेथेच राहतो.

१९९८ साली मार्क मॅग्वायर याने एका हंगामात ७० होमरन मारले. विक्रम जवळ आल्यावर त्याला टाकावयाच्या चेंडूंवर आधीच गुप्त खुणा करून ठेवण्यात आल्या होत्या, म्हणजे नंतर कोणी भलताच चेंडू पुढे करू नये. सत्तरावा चेंडू १९९९च्या जानेवारीत सुमारे ३० लाख डॉलरना विकला गेला. पण अवघ्या तीन वर्षांत, २००१ साली, बॅरी बाँड्सने ७३ होमरन मारून तो विक्रम मागे टाकला. त्या त्र्याहत्तराव्या चेंडूवर दोन प्रेक्षकांनी हक्क सांगितला. एकाच्या हातमोज्यात तो प्रथम पडला होता. गर्दीच्या लोटालोटीत तो निसटला आणि दुसऱ्याला मिळाला. न्यायालयाने २००२च्या अखेरीस चेंडू विकून पैसे निम्मे निम्मे वाटून घेण्याचा निर्णय दिला. २००३ साली लिलावात ४,५०,००० डॉलर आले. त्यानंतर एका पक्षकाराकडे त्याच्या वकिलाने मागितलेली फी त्याच्या वाट्याच्या रकमेहून जास्त होती! उलट, शोहेइ ओहतानी याने २०२४ साली एकाच हंगामात ५० होमरन आणि ५० चोरलेले बेस अशी दुहेरी मजल प्रथमच गाठली, तेव्हाचा पन्नासावा चेंडू जवळजवळ ४४ लाख डॉलरना गेला.

या आकड्यांच्या चढउतारात मूल्यमापनाचे पहिले सूत्र दडलेले आहे. ‘सर्वाधिक’ हा विक्रम कधीतरी मोडतो. ‘पहिला’ हा विक्रम मोडता येत नाही. मॅग्वायरचा चेंडू ‘सर्वाधिक’ या विशेषणावर विकला गेला होता, आणि ते विशेषण तीन वर्षांत गेले. सुनील गावसकरांचे उदाहरण घेऊ. २९ ऑक्टोबर १९८३ रोजी दिल्लीच्या फिरोजशाह कोटला मैदानावर वेस्ट इंडीजविरुद्ध त्यांनी आपले २९वे कसोटी शतक पूर्ण करून ब्रॅडमन यांची बरोबरी केली. त्यांची एकूण शतके पुढे ३४ झाली. त्याच मैदानावर १० डिसेंबर २००५ रोजी सचिन तेंडुलकरांनी श्रीलंकेविरुद्ध ३५वे शतक झळकावून तो विक्रम मागे टाकला. परंतु ७ मार्च १९८७ रोजी अहमदाबादेस गावसकर कसोटीत १०,००० धावा करणारे जगातील पहिले फलंदाज झाले. नंतर कितीही फलंदाजांनी तो टप्पा ओलांडला तरी ‘पहिला’ बदलणार नाही. या दोन प्रसंगांच्या सारख्याच सुस्थितीतील वस्तू समोर आल्या तर, माझ्या मते, अहमदाबादची वस्तू दीर्घकाळ अधिक मोल राखील. कोटल्याच्या वस्तूचे आकर्षण निराळे आहे. तिच्यात ब्रॅडमन यांचे नाव गुंतलेले आहे, आणि बाजारात दुसऱ्या मोठ्या नावाची सावलीही किंमत वाढविते.

याहून अवघड प्रश्न म्हणजे विक्रमाची नेमकी वस्तू कोणती. क्रिकेटमध्ये फलंदाज एका डावात दोन-तीन बॅटी बदलू शकतो. शंभरावी धाव ज्या बॅटीने निघाली ती खरी विक्रमाची बॅट. त्या डावात वापरलेली दुसरी बॅट पुष्कळ जवळची, परंतु ती नव्हे. चेंडूचेही तसेच. ७ फेब्रुवारी १९९९ रोजी कोटल्यावर अनिल कुंबळे यांनी पाकिस्तानचे दहाही गडी ७४ धावांत बाद केले, तो डाव साठ षटकांच्या थोडा पुढे जाऊन आटोपला. कसोटीत नवा चेंडू ८० षटकांनंतर मिळतो. म्हणून तेथे हा प्रश्न नव्या चेंडूपुरता तरी उद्भवत नाही. डिसेंबर २०२१ मध्ये वानखेडे मैदानावर, मुंबईतच जन्मलेल्या न्यूझीलंडच्या एजाज पटेलने ११९ धावांत दहा बळी घेतले, तेव्हा भारताचा डाव १०९.५ षटके चालला. अशा वेळी संग्राहकाने विचारावयाचे असते : हा चेंडू डावाच्या कोणत्या भागातला? हा प्रश्न विचारण्यात खेळाडूचा अविश्वास नाही. पुढे शंभर वर्षांनी कोणी तो विचारील, आणि तेव्हा सांगणारे कोणी नसेल, एवढाच त्याचा अर्थ. एजाजने चेंडू मुंबई क्रिकेट असोसिएशनला संग्रहालयासाठी दिला, हे चांगले झाले. संस्थेकडे वस्तू प्रसंगानंतर लगेच गेली की मधली साखळी तुटत नाही.

मालकीची ही साखळी स्मृतिवस्तूची वंशावळच होय. रंगा सोहोनी हे महाराष्ट्राकडून खेळलेले गोलंदाज १९४७-४८ साली भारतीय संघाबरोबर ऑस्ट्रेलियास गेले होते. त्या दौऱ्यात ब्रॅडमन यांनी त्यांना आपली हिरवी कसोटी टोपी भेट दिली. पंचाहत्तर वर्षांहून अधिक काळ ती सोहोनी कुटुंबात कुलपात राहिली आणि २०२६च्या जानेवारीत ऑस्ट्रेलियातील लिलावात ४,६०,००० ऑस्ट्रेलियन डॉलरना गेली. देणारा, घेणारा, साल आणि जपणारे घर हे चारही दुवे येथे सलग होते. टोपी तीच राहिली असती आणि मध्ये एखाद्या जुन्या बाजारातल्या दुकानाचा दुवा आला असता, तर बोली कोठवर चढली असती याची कल्पना वाचकाने करावी. त्याच दौऱ्यातील ब्रॅडमन यांची आणखी एक टोपी भारतीय संघाचे व्यवस्थापक पंकज गुप्ता यांना मिळाली होती. ती डिसेंबर २०२४ मध्ये सिडनीस विकली गेली. हातोडा पडला तो ३,९०,००० डॉलरवर, पण दलाली धरून खरेदीदाराला मोजावे लागले ४,७९,७०० डॉलर. वृत्तपत्रांत कधी पहिला आकडा येतो, कधी दुसरा. दोन लिलावांची तुलना करण्यापूर्वी आपण कोणता आकडा वाचीत आहोत हे पाहिलेच पाहिजे.

धर्मादाय लिलावांचे आकडे तर तुलनेतून बाजूलाच ठेवावेत. महेंद्रसिंग धोनी यांनी २०११च्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात वापरलेली बॅट त्याच वर्षी लंडनमध्ये १ लाख पौंडांना गेली. शेन वॉर्न यांची टोपी जानेवारी २०२० मध्ये ऑस्ट्रेलियातील वणव्यांच्या मदतनिधीसाठी १० लाख डॉलरच्या पुढे गेली. या रकमांत वस्तूचे मोल किती आणि दातृत्व किती, हे वेगळे काढता येत नाही.

आता बनावटीविषयी. अमेरिकेत नव्वदीच्या दशकात खोट्या सह्यांचा धंदा इतका फोफावला, की तेथील केंद्रीय तपास यंत्रणेने मोठी मोहीम काढून टोळ्या पकडल्या. जप्त मालात मदर तेरेसा यांच्या ‘सहीचे’ बेसबॉलही निघाले! त्यानंतर, २००१ पासून, तेथील मुख्य बेसबॉल संघटनेने सामन्याच्या जागी साक्षीदार नेमून प्रत्येक वस्तूवर क्रमांकाची चकाकती पट्टी लावण्याची पद्धत सुरू केली. आपल्याकडील जुन्या वस्तूंना असे कवच नाही. म्हणून संग्राहकाला स्वतःच्या डोळ्यांवर आणि इतिहासाच्या ज्ञानावर भिस्त ठेवावी लागते.

सुदैवाने हे ज्ञान दुर्मीळ नाही. १९८३चा विश्वचषक पांढऱ्या कपड्यांत आणि लाल चेंडूने खेळला गेला. त्या अंतिम सामन्याचा म्हणून कोणी निळा सदरा दाखवू लागला तर पुढे बोलण्याचे कारण नाही. कसोटीच्या सदऱ्यावर पाठीमागे नाव आणि क्रमांक २०१९ पासून आले. तेव्हा नोव्हेंबर २०१३ मधील, तेंडुलकरांच्या दोनशेव्या आणि अखेरच्या कसोटीचा ‘खेळलेला’ सदरा पाठीवर १० हा आकडा घेऊन आला तर तो खोटा आहे. तेंडुलकरांच्या बॅटीवर १९९६च्या विश्वचषकात कोणतीच चिकटपट्टी नव्हती. त्यानंतर अनेक वर्षे एमआरएफची अक्षरे होती, आणि पुढे आदिदासची आली. दिल्लीच्या ३५व्या शतकाची म्हणून आदिदासची बॅट आली तर विक्रेत्याला चहा पाजून वाटेला लावावे. हे तपशील जुन्या छायाचित्रांत कोणालाही पडताळता येतात. सामन्याचे छायाचित्र हा संग्राहकाचा सर्वांत स्वस्त आणि सर्वांत कडक परीक्षक होय.

सह्यांच्या बाबतीत शाई आणि कागद बोलतात. जाड टोकाच्या मार्कर लेखण्या विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातच सर्वत्र पसरल्या; १९४६च्या इंग्लंड दौऱ्याच्या संघाच्या सह्या तशा लेखणीने असतील तर संशय घ्यावा. कागद अधिक शुभ्र दिसावा म्हणून त्यात घातली जाणारी रसायने साधारण १९५० नंतर रूढ झाली. असा कागद नोटा तपासण्याच्या जांभळ्या दिव्याखाली निळसर उजळतो. जुना कागद मंदच राहतो. अर्थात, न उजळणारा कागद म्हणजे खरी सही, असा उलटा निष्कर्ष काढू नये. जुन्या वहीतील कोरे पान मिळविणे बनावट करणाऱ्याला कठीण नसते.

वस्तूच्या स्थितीबद्दल सामान्य समज आणि बाजाराचा नियम यांत विरोध आहे. तिकीट, टोपी, कार्यक्रमपत्रिका जितकी स्वच्छ तितकी चांगली. पण बॅटीवरचे चेंडूचे लाल डाग, हातमोज्यावरचा घामाचा काळसरपणा हे पुरावे असतात. छायाचित्रातला डाग आणि हातातल्या बॅटीवरचा डाग एकाच जागी जुळला, तर त्याहून मोठे प्रमाणपत्र नाही. जुनी बॅट पुसून, घासून, वर व्हार्निश लावून दिवाणखान्यात टांगणारे सद्गृहस्थ नकळत तिची साक्ष पुसून टाकतात. मुंबई-कोकणाच्या दमट हवेत चामड्यावर बुरशी धरते. दिल्लीच्या उन्हाळ्यात तेच चामडे सुकून तडकते. दोन्हीकडे उपाय एकच : थेट उन्हापासून दूर, बाहेरच्या भिंतीला न टेकता, आम्लविरहित कागदात किंवा धुतलेल्या सुती कापडात वस्तू ठेवावी आणि वर्षातून दोनदा उघडून पाहावी. सही असलेली वस्तू उजेडात टांगली की शाई काही वर्षांत फिकी पडते, आणि वरून गिरवलेली सही ही सहीच राहत नाही.

नोकरीनिमित्त दिल्लीत स्थायिक झालेली मराठी कुटुंबे द्वारकेसारख्या उपनगरात पुष्कळ आहेत. अशा एखाद्या घरात आजोबांनी १९८३च्या कोटला कसोटीचे फाटके तिकीट पुस्तकात जपलेले असते. नातवाला ते ‘जुने तिकीट’ एवढेच ठाऊक असते. फाटलेला कोपरा म्हणजे आजोबा त्या दिवशी आत गेले होते याचा पुरावा. पण कोणत्या दिवशी, कोणत्या बाजूस बसले, काय पाहिले, हे केवळ त्यांनाच सांगता येते. त्यांच्या हयातीत हे एका कागदावर लिहून, तारीख घालून, त्यांची सही घेऊन तिकिटाबरोबर ठेवावे. तिकिटाला फार पैसे येतील असे नाही. पण या निवेदनावाचून ते रद्दीत जाण्याचा संभव फार मोठा आहे, आणि आपल्याकडील बहुतेक वस्तू अशाच गेल्या आहेत. १९११ साली अखिल भारतीय संघाबरोबर इंग्लंडला जाऊन ११४ बळी घेणाऱ्या पळवणकर बाळू यांच्या हातातले चेंडू आज कोणाच्या घरी असतील, तर त्यांच्याबरोबर असा कागद असण्याची आशा थोडीच.

इतक्या जुन्या वस्तूंना कायदाही लागू होऊ शकतो. १९७२च्या पुरावशेषविषयक कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुनी, ऐतिहासिक महत्त्वाची वस्तू पुरावशेष ठरू शकते, आणि पुरावशेष ठरलेली वस्तू खाजगी व्यक्तीला परदेशी पाठविता येत नाही. परदेशातील लिलावगृहाला पत्र लिहिण्यापूर्वी भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडे चौकशी करावी.

वस्तू विकावयाची नसेल आणि घरी जपणे जमत नसेल, तर संग्रहालयाचा विचार करावा. पुण्यात २०१२ साली उघडलेले ‘ब्लेड्स ऑफ ग्लोरी’ हे खाजगी संग्रहालय बॅटींसाठी प्रसिद्ध आहे. मुंबईत वानखेडे मैदानावर २०२५ साली असोसिएशनचे संग्रहालय झाले. वस्तू देताना ती दान आहे की उसनी, हे लेखी ठरवावे. सर्व बाजूंची छायाचित्रे काढून त्यांच्या मागे तारीख घालावी, वजन आणि मापे नोंदवावीत. क्रमांक वस्तूवर न लिहिता दोऱ्याने बांधलेल्या चिठ्ठीवर पेन्सिलीने लिहावा, आणि पोचपावतीची एक प्रत घरातील दुसऱ्या माणसाजवळ ठेवावी.